ऐकता ऐकता

कोथरूडहून हिंजवडीला कंपनीच्या बसने जायला सकाळी दीड तास लागतो. बसमध्ये वाचलं की मला मळमळतं, म्हणून पुस्तकं ऐकायला लागलो. पहिलं लावलं ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ सालची कादंबरी शाळेत असताना वाचली होती, त्यामुळे सोपं जाईल असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी वाडीत दुष्काळ पडला आणि तालीम कधी बांधून झाली हे मला आठवेना. ऐकताना मी ऑफिसच्या मेसेजना उत्तरं देत होतो.

मग बग शोधावा तसं शोधायला घेतलं. आठवडाभर नोंद ठेवली, कोणतं काम करताना धागा सुटतो याची. भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना, चालताना सुटत नाही. मेसेज लिहिताना, मथळे चाळताना, अगदी किराण्याची यादी करतानाही लगेच सुटतो. हात गुंतलेले चालतात, शब्द गुंतले की संपलं. दीडपट वेग बंद केला. धागा सुटला की पंधरा सेकंद मागे जायचं, त्यात लाजायचं नाही, असं ठरवलं. पुन्हा सुरुवातीपासून ऐकली तेव्हा वाडीकडे एकटाच चालत निघालेला तो तरुण मास्तर पहिल्यांदा दिसला.

त्याच पावसाळ्यात आप्पा, माझे आजोबा, अंगणात घसरून पडले. मला ते चार दिवसांनी चुलतभावाकडून कळलं. मी आईवर चिडलो. ती म्हणाली, “सोमवारी सांगितलं की तुला. तू ‘बरं’ म्हणालास.”

आई रोज रात्री नऊला फोन करते. त्या सोमवारी नऊ वाजता मी काय करत होतो ते तपासलं. एका सहकाऱ्याच्या कोडवर शेरे लिहीत होतो. नऊ वाजून सात मिनिटांनी लिहिलेला शेरा अजून तिथे आहे. आईचं वाक्य मात्र कुठेच नाही, आणि ते मागे जाऊन ऐकताही येत नाही.

आप्पा आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात, शेतावर जात नाहीत.

हल्ली नऊ वाजता मी लॅपटॉप बंद करून सिंकपाशी उभा राहतो. काल आई म्हणाली, “भांड्यांचा आवाज येतोय. कामात आहेस तर नंतर करते.”

“नको, बोल,” मी म्हटलं. “भांडी घासतानाच मला नीट ऐकू येतं.”