विसरलेल्या कळा, न विसरलेले शब्द

धाकट्या बहिणीच्या मुलीचे बारसे होते. पाळण्याभोवती बसलेल्या बायकांत बाळंतपणाच्या गोष्टी निघाल्या आणि कुणीतरी नेहमीचे वाक्य उच्चारले, "मूल कुशीत आलं की बाई कळा विसरते, नाहीतर दुसऱ्यांदा कोण तयार झालं असतं?" आम्ही बहिणीही हसलो. आई मात्र हसली नाही.

रात्री पाहुणे पांगल्यावर आम्ही तिला विचारले. पहिल्या खेपेस तिला जेमतेम पाच तास कळा आल्या होत्या. सगळे त्याला 'सोपे बाळंतपण' म्हणत आले. ती म्हणाली, "कळा कशा होत्या, ते आता नाही सांगता येत. पण मी ओरडले तेव्हा नर्स म्हणाली, 'तेव्हा नाही का ओरडलीस?' ते अजून ऐकू येतं. खोलीत मी एकटीच होते गं." त्या खोलीत जन्मलेली आमची थोरली समोरच बसली होती. चाळीस वर्षांत तिने हे प्रथमच ऐकले.

धाकटीला तर बावीस तास लागले. पण ती सांगते ते रात्रभर पाठ चोळत बसलेल्या आयाबाईंविषयी.

स्मृतीचा हा व्यवहार केवळ आमच्या घरातला नव्हे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात प्रसूतीनंतर पाच वर्षांनी सुमारे निम्म्या स्त्रियांना वेदना पूर्वीपेक्षा सौम्य आठवल्या. मात्र ज्यांचा एकूण अनुभव वाईट होता, त्यांच्या स्मृतीतली वेदना ओसरली नव्हती. २०१४ च्या एका इस्रायली अभ्यासात असे दिसले की, आठवणीतली वेदना ठरते ती तिच्या परमोच्च क्षणावर आणि शेवटावर. किती तास गेले याला तिथे फारसे महत्त्व नसते. मग आईचे पाच तास आणि धाकटीचे बावीस तास यांचा हिशेब घड्याळावर कसा लागावा?

'वेदना' हा शब्द ज्या 'विद्' धातूपासून आला, त्याचा अर्थ 'जाणणे' असा आहे. वेणा देणारी स्त्री शरीराबरोबरच भोवतालची माणसेही जाणत असते. त्या घटकेला ती सर्वस्वी त्यांच्या हाती असते, म्हणून तेव्हाचा एक शब्द जन्मभर पुरतो. प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या पसंतीचे माणूस सोबत असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली. ते माणूस म्हणजे चैन नव्हे, हे आम्हांला आईच्या तोंडून उमगले.

'बाई विसरते' हे वाक्य दाराबाहेर थांबलेल्यांच्या सोयीचे आहे. विसरली म्हटले की विचारायला नको. आम्हीही कधी विचारले नव्हते.

"तेव्हा काय हवं होतं तुला?" थोरलीने त्या रात्री विचारले.

आईने थोडा विचार केला. "काही नाही. कुणीतरी हात धरायला हवा होता."