अभ्यासक्रम लिहिण्याआधी

अभ्यासक्रम घडवण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांनी सुरुवात मुलांमध्ये राहून करावी, असं मला मनापासून वाटतं. उदाहरणार्थ, वज्रेश्वरीच्या परिसरात तानसा नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत; भूगर्भातली उष्णता शिकवायला याहून चांगला आरंभ कोणता? याच भिवंडी तालुक्यात कातकरी कुटुंबं पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात, आणि शाळेचं वेळापत्रक मात्र मुलं वर्षभर एकाच गावी असतील असं गृहीत धरतं. ही तफावत कार्यालयात बसून उमगत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठीची कुरणशाळा त्यांना सुचली, कारण मुलांचा दिवस त्यांनी जवळून पाहिला होता.

परीक्षा सगळ्यांची सारखी असताना गावागावांत असं वेगळं शिकवलं तर मुलं मागे पडतील, ही शंका रास्त आहे. बालभारतीचं पाठ्यपुस्तक साऱ्या राज्यासाठी असावंच, पण उद्दिष्ट एकच ठेवून तिथे पोहोचण्याची वाट मुलाच्या गावातून काढता येते. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यांनो, पहिला मसुदा लिहिण्याआधी एखाद्या गावशाळेचं पूर्ण वर्ष पाहा.