पापडखार आणि गिरणीतला सोडा

उन्हाळा लागला की सुरतेच्या नवागाम-दिंडोली भागात गच्च्यांवर व अंगणांत पापड, कुरडया आणि ज्वारीचे बिबडे वाळू लागतात. पोटापाण्यासाठी इकडे आलेल्या खानदेशी कुटुंबांनी आपल्या बोलीबरोबर आपले वाळवणही आणले. त्यातील एका चिमूटभर वस्तूविषयी, म्हणजे पापडखाराविषयी, चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते.

पापडखार हा खनिज क्षार होय. तो मुख्यत्वे सोडियम कार्बोनेटचा असतो. त्यात सोडियम बायकार्बोनेटचाही, म्हणजे खाण्याच्या सोड्याचाही, अंश असतो. पूर्वी कोरड्या, खाऱ्या मुलखात क्षारयुक्त झुडपे जाळून त्यांच्या राखेपासून सज्जीखार काढीत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या काठीही हा क्षार गोळा केला जाई. आता मीठ व चुनखडी यांपासून तो कारखान्यात तयार होतो. गुजरातच्याच किनाऱ्यावरील मिठापूर हे त्याचे मोठे ठिकाण.

उडदाच्या पिठात हा खार योग्य प्रमाणात पडला म्हणजे पापड भाजताना छान फुलतो व खुसखुशीत होतो. अधिक पडला तर पापड लालसर दिसतो आणि जिभेला साबणासारखी चव लागते. अनुभवी गृहिणीला हे सांगण्याची गरज नाही!

मग हा खार खाण्यास निर्धोक आहे काय? खाद्य प्रतीचा व प्रमाणात असेल तर निश्चितच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने या क्षारांच्या रोजच्या सेवनाला आकड्याची मर्यादा घातलेली नाही. तथापि ज्यांना रक्तदाबाचा विकार आहे, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की मिठाप्रमाणे यातही सोडियम असते. खाण्याच्या सोड्याच्या ५ ग्रॅमांत ते सुमारे १.४ ग्रॅम भरते, आणि प्रौढ माणसाने दिवसभरात २ ग्रॅमांहून कमी सोडियम घ्यावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. डाळ लवकर शिजावी म्हणून तीत सोडा टाकण्याची सवयही चांगली नव्हे. त्याने डाळीतील ब-१ जीवनसत्त्व नाश पावते. डाळ आधी भिजत घातली की काम भागते.

परंतु आम्हांस खरी धास्ती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. सुरतेत कापड रंगविण्याच्या गिरण्या पुष्कळ, आणि तेथे सोडा अॅश व कॉस्टिक सोडा पोत्यांनी लागतो. गिरणीतला सोडा अॅश आणि पापडखार यांचे मूळ द्रव्य एकच असले, तरी गिरणीचा माल खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो. कॉस्टिक सोडा तर सर्वस्वी वेगळा. तो तोंड, घसा व अन्ननलिका जाळतो. दोन्ही पांढरेच. भांडी-फरशी घासण्यासाठी कोणी त्याची पुडी घरी आणली आणि ती स्वयंपाकघरातील फळीवर ठेवली, तर घाईच्या वेळी कोणती पुडी कशाची हे कोण ओळखणार? लहान मुलास तर ती साखरच वाटेल.

गिरणीतील अशी वस्तू घरात आणूच नये. पापडखार घ्यावा तो बंद पाकिटातला, ज्यावर खाद्य परवान्याचा १४ अंकी क्रमांक छापलेला आहे असा. आणि दुर्दैवाने कोणी कॉस्टिक गिळलाच, तर त्यास ओकारी काढावयास लावू नये, लिंबू किंवा ताकही पाजू नये. तोंड पाण्याने धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती पुडी किंवा डबा बरोबर घेऊन जावा, म्हणजे डॉक्टरांना तर्क करीत बसावे लागत नाही.