बाँडची मुदत

अब्बांच्या इंतकालाला दहा दिवस झाले होते. धाकटा भाऊ त्यांची बंदूक चादरीत गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून आला. परवाना माणसाच्या नावावर असतो. माणूस गेला की घरात राहिलेलं तेच हत्यार बेकायदा ठरतं. पावती बघून अम्मी एवढंच म्हणाली, "आता डुकरं मोकळी."

बाहेरच्यांना मुसलमानाच्या घरात बंदूक म्हटलं की काहीतरी वेगळंच आठवतं. आमची बंदूक म्हणजे ठासणीची, एकनळी, शेतसंरक्षणाची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या भागात ती कोयता-कुदळीबरोबर मोजली जाते. पीक राखण्यासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख खुद्द 1959 च्या शस्त्र कायद्यात आहे. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, काजू-आंब्याला वानरं लागतात. रानडुक्कर वन खात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही, त्यामुळे अब्बांचा बार नेहमी आभाळात जायचा. शेजारचे कुणबी काका म्हणायचे, "भाईंचा बार झाला, आता झोपा." निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा, निकालानंतर परत. तीस वर्षांत त्यात कधी खाडा झाला नाही.

वारसाला परवाना मागता येतो. शेती भाऊ करतो, म्हणून अर्ज त्याच्या नावाने करायचं ठरलं. गावात कुणाचाही फॉर्म असो, भरायला माझ्याकडे येतो. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईला सरकारी भाषाही येते, असा लोकांचा समज आहे. सातबारा, मृत्यूचा दाखला, डॉक्टरचं प्रमाणपत्र, इतर वारसांची ना-हरकत, सगळं जमवलं. मग एका रकान्यापाशी पेन थांबलं. अर्जदाराला कधी शिक्षा झाली आहे का? शांतता राखण्याचा बाँड कधी लिहून द्यावा लागला आहे का? असल्यास केव्हा, किती मुदतीचा?

लागला होता. आठ वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी टेम्पो लावण्यावरून बाचाबाची झाली. दिवस मिरवणुकीचे होते. दोन्हीकडच्या दहा-बारा मुलांची नावं लिहिली गेली आणि सगळ्यांवर चॅप्टर केस झाली. तेव्हाचं कलम 107. आता नव्या संहितेत ते 126 आहे. तहसील कचेरीत सहा महिन्यांचा बाँड. जामीनदार अब्बाच होते. गुन्हा नाही, शिक्षा नाही. सहा महिने गेले, विषय संपला, असं आम्ही समजत होतो.

"आपा, 'नाही' लिही," भाऊ म्हणाला. "एवढं जुनं कोण उकरतंय? आपलं नाव बघूनच आधी भुवया वर जातात. त्यात हे लिहिलं की झालंच."

मी गप्प बसले तेव्हा त्याने दुसरी वाट सुचवली. "मग तूच अर्ज कर. तूही वारस आहेस. तुझ्यावर काही नाही."

खरं सांगते, क्षणभर मोह झाला. पण मी राहते नोकरीच्या गावी. परवाना माझा आणि बंदूक त्याच्या हातात, म्हणजे गुन्हाच.

त्या रात्री मी कायदाच काढून वाचला. कलम 9 सांगतं की बाँड घेतलेला माणूस त्या बाँडच्या मुदतीपुरता अपात्र असतो. मुदतीपुरता! म्हणजे माझा भाऊ साडेसात वर्षांपूर्वीच पात्र झाला होता. पुढे कलम 17 वाचलं. महत्त्वाची माहिती दडवून मिळवलेला परवाना रद्द होऊ शकतो. खरं लिहिलं तर कायद्याने तो पात्र, आणि खोटं लिहिलं तर परवाना कधीही जाऊ शकणारा. आणि ते खोटं आम्ही लिहिणार होतो निव्वळ भीतीपोटी. बाँडची मुदत सहा महिन्यांची होती, भीतीला मात्र मुदतच नव्हती.

भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. कलम 9 किंवा 14 मध्ये धर्माचा शब्द नाही. पण सार्वजनिक शांततेच्या कारणावरून परवाना नाकारण्याचा अधिकार 14 देतं, आणि ते कारण कुणाला कसं लावलं जाईल याची धाकधूक आम्हाला जरा जास्त असते. तरीही चौकशी नकोच, असं मला म्हणवत नाही. बंदूक मागणाऱ्याची चौकशी व्हायलाच हवी. ती त्याच्या कृत्याची व्हावी, नावाची नव्हे, एवढंच मागणं आहे.

मग वाटलं, ना-हरकतीवर सही माझीही आहे. पोलिसांआधी मीच चौकशी का करू नये? सकाळी त्याला विचारलं, "त्या दिवशी टेम्पोपाशी तुझ्या हातात बंदूक असती तर?"

तो चिडला नाही. बराच वेळ अंगणाकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हणूनच अब्बा दारू एका खोलीत आणि बंदूक दुसरीत ठेवायचे. मधे चालायला लागतं, तेवढ्यात राग उतरतो. मीही तसंच ठेवीन."

मी रकान्यात 'होय' लिहिलं. वर्ष लिहिलं, मुदत लिहिली, 'मुदत संपली, त्यानंतर कोणतीही कारवाई नाही' हेही लिहिलं. मग ना-हरकतीवर सही केली.

महिन्याभराने हवालदार घरी आले. चहा घेतला, शेजारी विचारपूस केली. कुणबी काकांनी त्यांना बांधावर नेऊन उकरलेलं शेत दाखवलं. जाताना हवालदार अर्जावर बोट ठेवून म्हणाले, "बाँडचं लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या रजिस्टरला होतंच." भावाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

अहवाल जिल्ह्याला गेला आहे. निर्णय अजून आलेला नाही. नाकारला, तर कारण लेखी मागता येतं आणि अपीलही करता येतं. ते कागद मी वेगळ्या फाइलीत लावून ठेवलेत. तोवर भाऊ आणि काका आळीपाळीने पत्र्याचा डबा बडवत राखण करतात. काका म्हणतात, भाईंच्या बाराची सर डब्याला नाही. पण झोप लागते. घरात काही दडवलेलं नसलं की लागते, इन्शाअल्लाह पुढेही लागेल.