चुकीचं माहेर

बेळगावच्या कॅम्पात इंग्रजी शिकवायचं तर आधी कान तयार लागतात. माझ्या शिकवणीच्या एकाच सतरंजीवर मराठी घरातला मुलगा, कन्नड घरातली मुलगी, फिश मार्केटकडचं दखनी बोलणारं पोर आणि वडील लष्करात म्हणून दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलणारी, हिंदीत वाढलेली एखादी असते. सगळ्यांना पाठ्यपुस्तक एकच, पण प्रत्येकाच्या इंग्रजीचं माहेर निराळं.

मी मूळची पुण्याची, लग्न होऊन इथं आले. आल्या आल्या दारावरची भाजीवाली 'येतो हं बाई' म्हणून पाटी उचलून गेली, तेव्हा मी चमकले. इथं बायकाही 'येतो-जातो' म्हणतात, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. पुण्याचं व्याकरण बाजूला ठेवून ऐकायची सवय मला अशा बायकांनी लावली. शिकवताना तीच उपयोगी पडते.

पोरानं तोंड उघडलं की घर कळतं. 'स्कूल'च्या आधी 'इ' लागली की दखनी किंवा हिंदी. 'एग'चं 'येग' आणि 'ओन्ली'चं 'वोन्ली' झालं की कन्नड. मराठी पोर 'शिप' आणि 'शीप' एकाच लांबीत म्हणतं, कारण आपलं ऱ्हस्व-दीर्घ शुद्धलेखनाच्या वहीत जितकं असतं तितकं जिभेवर नसतं. कन्नडात मात्र स्वर लांबला की अर्थच बदलतो. त्यामुळे हा फरक मी मराठी मुलाला समजावत बसत नाही. शेजारच्या कन्नड मुलीला सांगते, तू म्हण, तो ऐकेल. ती 'येग' म्हणाली की मग त्याची पाळी.

गंमत होते ती वाक्य लिहायला दिल्यावर. उच्चारांत वेगळी असलेली मराठी आणि कन्नड पोरं निबंधात हुबेहूब एक चूक करतात. 'टुडे ओन्ली ही केम', 'यस्टर्डे इटसेल्फ आय टोल्ड', 'स्मॉल स्मॉल हाउसेस'. आपण 'आजच' म्हणतो, कन्नड माणूस शब्दाच्या शेवटी 'ए' लावून तेवढाच जोर देतो. आपलं जेवण गरम गरम, त्यांचं बिसि बिसि. क्रियापद दोघांचंही शेवटी. 'येतो म्हणून सांगितलं' असं आपण बोलतो, त्यांचं 'अंत' तेच काम तिथंच बसून करतं. एक भाषा संस्कृताच्या कुळातली, दुसरी द्राविडी, पण शतकानुशतकं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर वाक्यांची घडण एक झाली. पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. त्यांच्या व्यक्तिचित्रातले रावसाहेब ज्या मराठीत शिव्या देतात ती याच शेजारातून आलेली. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासून पाट्यांवरून, शाळांवरून मराठी-कन्नड भांडण चालू आहे. २००४ पासून सीमेचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. वह्या तपासताना मात्र नाव झाकलं तर मला मराठी कोण नि कन्नड कोण हे सांगता येणार नाही.

असल्या चुकीवर लाल रेघ मारून ती जात नाही. ती घरच्या भाषेच्या नियमानं झालेली असते, नियम पाळणाऱ्याला आपलं काय चुकलं ते दिसतच नाही. त्याला दुसरा नियम वापरायची गरज पडावी लागते. इंग्रजी शिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांमधून हेच करून पाहिलं. पुढे ते 'बंगलोर प्रकल्प' म्हणून जगभरच्या इंग्रजी शिक्षकांना माहीत झालं. व्याकरणाचा धडा नाही. नकाशा, वेळापत्रक, हिशेब असं कोडं पुढ्यात ठेवायचं आणि ते इंग्रजीतून सोडवून घ्यायचं.

मी निपाणीच्या बसचं वेळापत्रक करते. निपाणीच्या बाजारात दहाच्या आत पोचायचं, वाटेत संकेश्वरला मावशीला घ्यायचं, तर कुठली गाडी? एक मुलगी महिनोन् महिने 'यस मिस' आणि 'नो मिस'च्या पुढं गेली नव्हती. तिच्या जोडीदारानं साडेसातची गाडी धरली तशी ती उसळली, 'नो! मावशी नॉट रेडी!' तो अडून बसला. तिनं वेळापत्रकावर बोट आपटलं आणि म्हणाली, 'इफ वी टेक धिस बस, मावशी विल नॉट बी रेडी.' 'इफ'चा धडा मी अजून घेतलाच नव्हता. तिला मावशीची बाजू मांडायची होती, वाक्य आपसूक झालं.

काही पालकांना वाटतं, गोरा मास्तर असता तर पोरं फाडफाड बोलली असती. चीनमध्ये ही समजूत थेट नियमात उतरली आहे. तिथं परदेशी इंग्रजी शिक्षकाला कामाचा परवाना देताना अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांचा पासपोर्ट सहसा आधी पाहतात. माझ्यासारखीला ते दार जवळजवळ बंदच. पण चिनी भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, 'अ' आणि 'द' तर नसतातच. चिनी मूल 'यस्टर्डे ही गो' म्हणतं ते याच हिशेबानं. ज्याला चिनी येत नाही त्या शिक्षकाला त्यात फक्त चूक ऐकू येते, तिचं माहेर दिसत नाही. जन्मजात इंग्रजी त्याच्याकडं असेल. मुलाच्या घरची भाषा त्याला शिकूनच घ्यावी लागते.

म्हणून फी भरायला आलेली एखादी आई अभिमानानं सांगते, 'टीचर, आता आम्ही घरात मराठी बंदच केलो बघा, इंग्लिशच बोलतोय', तेव्हा मी पहिल्यांदा तेच सोडायला लावते. घरी मराठी बोला, कन्नड बोला, गोष्टी सांगा, कडकडून भांडा. पोराची एक भाषा तरी भरभक्कम असू दे, तिच्यावरून मला पुढं जाता येतं. इंग्रजीचं माझ्यावर सोडा, फी मी त्याचीच घेते.