चेहेडीचा डोह, होमरची बोट

रविवारी दारणा नदीवर जायचं तर तयारी शनिवारी सकाळीच सुरू व्हायची. शेंगदाण्याची पेंड भिजत पडायची. संध्याकाळी तीत कणीक आणि चिमूटभर हिंग घालून अण्णा घट्ट गोळा मळायचे आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. हिंगाच्या वासाला मासा लांबून येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं; खरंच येतो का, हे कुणी तपासलं नव्हतं. गांडुळांचं खातं माझ्याकडे. मोरीमागची ओली माती उकरायची, डालड्याच्या डब्यात मातीसकट गांडुळं भरायची आणि झाकणाला खिळ्याने भोकं पाडायची. वेळूच्या काठ्या बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या असायच्याच. तंगूस, शिशाचे तुकडे, मोरपिसाच्या दांडीचा तरंगा, सगळं एका पिशवीत. गळ मात्र कागदाच्या पुडीत घालून वेगळे, कपाटात. नॉर्वेच्या मस्टॅड कंपनीचे ते गळ मुंबईहून कुणीतरी आणून दिलेले असायचे. एखादा दगडात अडकून तुटला की अण्णा तासभर कुणाशी बोलत नसत.

सत्तरच्या दशकातलं नाशिकरोड. अण्णा प्रेसमध्ये होते. त्यांची मित्रमंडळीही बहुतेक प्रेसचीच. आठवडाभर नोटा आणि तिकिटं छापायची आणि रविवारी सायकलींवर काठ्या आडव्या बांधून चेहेडी गाठायची. गंगापूर धरण १९६५ साली पुरं झालं होतं आणि तिथे मोठे मासे आहेत अशी बोलवा होती, पण सायकलवर ते लांब पडे. दारणा आमची, घरची.

बेत ठरवताना पहिला कौल कालनिर्णयचा. १९७३ साली ते निघालं आणि पाहता पाहता आमच्या चाळीतल्या प्रत्येक भिंतीवर आलं. रविवारी संकष्टी किंवा एकादशी असेल तर मासे धरून उपयोग नाही, कारण ते चुलीवर चढणार नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायला फ्रीज होता कुणाकडे? दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे तोही गेला. दुसरा कौल पाटबंधाऱ्याचा. दारणा धरण १९१६ सालचं. त्याचं पाणी नदीतूनच खाली नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून कालव्यांनी निफाड-कोपरगावच्या उसाकडे. आवर्तन सुटलं की चेहेडीला नदी गढूळ होई, ओढ वाढे, तरंगा एका जागी ठरत नसे. म्हणून मंडळींपैकी कुणीतरी एका पाटकऱ्याशी ओळख राखून होता. शनिवारी संध्याकाळी निरोप यायचा, ‘पाणी सुटलंय’ किंवा ‘नाही सुटलं’. हवामान खात्याच्या अंदाजापेक्षा त्या निरोपावर आमचा विश्वास जास्त.

आणि शेवटचा कौल भोईआबांचा. चेहेडीला वालदेवी दारणेला मिळते, त्या संगमाच्या खालच्या अंगाला त्यांचं खोपट होतं. आजच्या भाषेत ते आमचे गाइड. विडीचा एक कट्टा, एवढीच त्यांची फी. काठावर उकिडवे बसून ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहायचे. बारीक बुडबुड्यांची रांग सरकताना दिसली की म्हणायचे, ‘परेसवाले, तिथं टाका. मिरगळ चरतोय.’ वाम हवी तर दगडाच्या कपारीशी, दिवस कलल्यावर. मरळ हवा तर वेलीच्या कडेला, बेडकी लावून. कधी पाण्यात नुसता हात बुडवायचे आणि मान हलवायचे, ‘आज काई नाई. च्या प्या अन् घरी जा.’ अण्णा अर्थातच जायचे नाहीत. संध्याकाळी रिकामी पिशवी सायकलला लावताना आबांकडे बघायचंही टाळायचे.

या टोळीत एक माळकरी काका होते. मासा खाणं सोडाच, गळाला हातही लावायचे नाहीत. पण एक रविवार चुकवायचे नाहीत. काठावर सतरंजी टाकून कुणाच्या तरी तरंग्यावर नजर लावून बसायचे आणि तो बुडाला की सगळ्यात आधी तेच ओरडायचे, ‘लागला, लागला!’ मासा बाहेर आला की तोंड फिरवायचे. त्यांना यात काय मिळत असे, हे त्या वयात कळत नव्हतं. आता थोडं कळतं.

मुलगा सिएटलजवळ राहतो. यंदाच्या जुलैत आम्हा दोघांना घेऊन अलास्कात जायचं, होमर गावाहून समुद्रात हॅलिबट धरायचे आणि केनाई नदीवर साल्मन, असा त्याचा बेत आहे. ‘बाबा, तुमचं चेहेडी पुरे झालं,’ असं तो म्हणाला. बेत जानेवारीतच सुरू झाला, आणि शनिवार-रविवार सोडा, सहा महिने आधी ठरवतानाही बोटीवरच्या चांगल्या तारखा भरत आल्या होत्या. अँकरेज विमानतळापासून होमर साडेतीनशे किलोमीटर. तिथे समुद्रात घुसलेल्या वाळूच्या लांब पट्टीवर बंदर आहे आणि गाव स्वतःला जगाची हॅलिबट-राजधानी म्हणवतं. लहान बोटीवर सहाच गिऱ्हाइकं घेता येतात, कारण कप्तानाचा परवानाच तेवढ्यांचा. दिवसभराचे माणशी साडेतीनशे-चारशे डॉलर. वर खलाशाला बक्षिसी, तीही टक्क्यांत. शिवाय सरकारचा मासेमारीचा परवाना, बाहेरच्या माणसाला एका दिवसाचे पंधरा डॉलर. साठी उलटलेल्यांना सवलत आहे, पण ती तिथल्या रहिवाशांना. तंगूस, गळ, आमिष सगळं बोटीवर. हेरिंग मासा आमिष म्हणून खलाशी लावून देणार, मासा वर आला की तोच काढणार, किनाऱ्यावर साफ करून तुकडे पाडून गोठवून खोक्यात भरून देणारीही माणसं. आपण फक्त चाक फिरवायचं.

फक्त म्हणायला. मुलाने पाठवलेल्या व्हिडिओत कप्तान पाहुण्यांना पहिलीच गोष्ट सांगतो, हिसका देऊ नका. तिथले गळ गोल वळणाचे असतात. मासा आमिष गिळून वळला की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. हिसका दिला तर तोंडातून निसटून येतो. आमची सगळी विद्याच हिसक्याची. तरंगा एकदा थरथरला तर थांबायचं, दुसऱ्यांदा तिरपा झाला तरी थांबायचं, आणि सरळ खाली गेला की मनगटातून झटका. हे कळायला मला अण्णांचे दोन-तीन उन्हाळे आणि बऱ्याच शिव्या लागल्या. तिथे तरंगाच नाही. दीड-दोन किलो शिसं लावून आमिष थेट तळाशी.

हॅलिबट हा तळाशी पडून राहणारा चपटा मासा. जन्मतो इतर माशांसारखा, दोन्ही बाजूंना एकेक डोळा घेऊन. पिल्लू असतानाच एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि मग तो आयुष्यभर एका कुशीवर पोहतो. आपल्याकडचा भाकस त्याच घराण्यातला, आकाराने फार लहान. रावसाला मात्र हॉटेलवाले उगाच साल्मन म्हणतात. दोघांचं काही नातं नाही. बायकोचं म्हणणं, एवढे पैसे घालायचेच तर मालवणला जाऊ, तिथेही आता गळाने मासे धरायला बोट आणि माहीतगार मिळतो, आणि जेवायला भात-कढी मिळते. मुद्दा बिनतोड होता. पण जून-जुलैत कोकणातल्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, आणि मुलाला रजा जुलैतच.

साल्मनचं वाचताना मात्र मला आपल्या घाटमाथ्याची आठवण झाली. साल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला त्याच नदीत वासावरून माग काढत परत चढतो. इगतपुरी-त्र्यंबककडे मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्यांतून, भाताच्या खाचरांतून मासे असेच वर चढतात. चढणीचे मासे. पोटात गाभोळी भरलेली. त्या रात्री गॅसबत्त्या घेऊन गावंच्या गावं पाण्यात उतरायची. बांबूचे सापळे, पाग, धोतर, मिळेल ते. आमची टोळीही दरवर्षी कुणाच्या तरी गावी पोचायची. गाभोळीच्या कालवणाची चव अजून जिभेवर आहे, आणि ती चव उत्तम होती हे मी नाकारणार नाही. अंडी घालायला निघालेला मासा अंडी घालण्याआधीच धरायचा, यात काही खटकण्यासारखं आहे असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नव्हतं. पाऊस दरवर्षी येणार, मासा दरवर्षी चढणार.

केनाई नदीत पाण्याखाली सोनार यंत्रं बसवलेली आहेत. वर चढणारा मासा ती मोजतात. मोजणी कमी भरली की सरकार हंगामाच्या मध्यातही गळ बंद करतं. याच नदीत १९८५ साली लेस अँडरसन यांनी ९७ पौंड ४ औंसांचा, म्हणजे ४४ किलोंचा किंग साल्मन काढला; गळावरचा तो जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही. आणि आता तिथेच किंग साल्मन धरायला गेली काही वर्षं बंदी आहे, कारण तो पुरेसा चढतच नाही. आम्हाला मिळणार तो सॉकाय, तोही ठरावीक. हॅलिबटचा हिशेब तर शंभर वर्षांचा. १९२३ साली अमेरिका आणि कॅनडाने करार करून त्यासाठी संयुक्त आयोग नेमला; दर वर्षी किती धरायचे ते आता तोच ठरवतो. होमरच्या बाजूला बोटीवरच्या पाहुण्याला दिवसाला दोन, त्यातला एक ठरलेल्या लांबीपेक्षा लहानच हवा. आणि गेली काही वर्षं बुधवारी हॅलिबट बंद! हे वाचून आम्ही सगळे खूप हसलो. वार पाळणारे आपणच नाही. फरक इतकाच, की आपण खाण्याचा वार पाळतो, ते धरण्याचा.

चेहेडीला कुणी मोजलं? मोजणी सोडा, साधी नोंद नव्हती. हजारो वर्षं दख्खनच्या नद्यांत राहिलेल्या महसीराला कर्नल साइक्सने १८३९ साली शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा तो पुण्याच्या मुळा-मुठेतही सहज मिळत होता. आमच्या लहानपणी दारणेत तो म्हाताऱ्यांच्या गप्पांत होता, पाण्यात नव्हता. टाटांनी लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी सत्तरच्या दशकापासून त्याची पिल्लं तयार करून नद्यांत सोडली, म्हणून तो निदान टिकला. बाकी जागा रोहू-मृगळांनी भरली. ही गंगेच्या खोऱ्यातली मंडळी. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन त्यांची वीण साधली, मग बीज मुबलक झालं आणि धरणाधरणांत सोडलं गेलं. पुढे चिलापी आली. आफ्रिकेची ती तिलापिया देशात १९५२ सालीच आणली होती. आज गळ टाकाल तिथे तीच लागते. आबा ज्याला मिरगळ म्हणून कौतुकाने दाखवायचे, तोही मूळचा पाहुणाच होता, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी विडी विझवून माझ्याकडे रोखून पाहिलं असतं.

तेव्हा नदीवर आमच्या वागण्याला कुणाचा अटकाव नव्हता. ते मोकळेपण सांगताना आमच्या पिढीचा आवाज चढतो. पण त्याच मोकळेपणात कुणी डोहात सुरुंग लावत होतं, कुणी ब्लीचिंग पावडर ओतत होतं, आणि शहर वाढलं तसं सांडपाणी कुणालाही न विचारता नदीत येत गेलं. आज गोदावरीवर पाणवेलींचं हिरवं गालिच्यासारखं दाट आवरण पसरतं आणि महापालिकेची यंत्रं ते ओढून काढत बसतात. धरणांतल्या मासेमारीचा ठेका सोसायट्यांकडे आहे. गंगापूरच्या जलाशयावर बोट क्लब आहे, आसपास द्राक्षांचे मळे आणि वायनरी. शनिवारी तिथे मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. बरं चाललंय. फक्त काठावर काठी घेऊन बसलेला माणूस दिसला तर लोक त्याचा फोटो काढतात.

म्हणून चारशे डॉलर ऐकून मी पहिल्यांदा जो दचकलो, तो नंतर दचकलो नाही. ते पैसे मासा मिळवून देण्याचे नाहीत. एवढे नियम पाळून, मोजून, परवाने लावूनही तिथे अजून मासा उरला आहे, त्याचे आहेत. आबांना आम्ही विडीचा कट्टा देत होतो तो जरा जास्तच स्वस्त सौदा होता.

तारखेवरून मात्र घरात बरीच घासाघीस झाली. होमरला भरती-ओहोटीत सात-आठ मीटरपर्यंत फरक पडतो. उधाणाच्या दिवशी प्रवाह इतका जोरात असतो की शिसं तळाला ठरत नाही. हॅलिबटला भांगाचे दिवस बरे. मुलगा कोष्टकं उघडून बसला होता. मी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं. अष्टमी आणि तिच्या पुढचे एक-दोन दिवस म्हणजे भांग, हे कोळ्याच्या पोरालाही माहीत असतं, आणि चंद्र काही अलास्कात वेगळा नाही. माझ्या तिथ्या आणि त्याची कोष्टकं तंतोतंत जुळली. मग अडचण निघाली वारांची. बुधवारी तिकडे सरकारी बंद, गुरुवार बायको पाळते. शेवटी शुक्रवार धरला, तोही श्रावण लागण्याच्या आतला. अॅडव्हान्स भरून झाला आहे.

बायको गळाला हात लावणार नाही. तिला फक्त समुद्र आणि जमलं तर देवमासा बघायचा आहे. बोटवाल्याने कळवलं आहे की नुसतं बसणाऱ्यालाही जागा लागते, तेव्हा भाडं पूर्ण पडेल.