घरचंच काम आहे

मनमाडमध्ये राहणाऱ्या माणसाला पाण्याचा आणि गाड्यांच्या वेळांचा हिशोब पक्का येतो. नळाला पाणी किती दिवसांनी येणार आणि तोवर टाकी कशी पुरवायची, हे आमच्याकडे लहान मुलंही सांगतात. माणसाच्या मेहनतीचा हिशोब मात्र आम्हाला येत नव्हता, आणि हे कळायला मुलाचं लग्न व्हावं लागलं. सांगताना थोडी शरम वाटते. तरी सांगतो, कारण आमच्यासारखी घरं पुष्कळ असतील.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. एकजण पुलांचे गर्डर बनवणाऱ्या इथल्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेला, दुसरी घरी शिवणकाम करणारी. थोरली मुलगी मेहंदी काढते आणि लग्नपत्रिका, बॅनर कॉम्प्युटरवर तयार करते. त्यासाठी तिनं नाशिकला राहून कोर्स केला. फी भरायला तिच्या अम्मीच्या दोन बांगड्या मोडल्या.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेचा वार्षिक कार्यक्रम होता. मोठी, प्रतिष्ठित माणसं घरी आली. त्यांनी चहा घेतला, दुआ दिल्या आणि म्हणाले, “बेटीच्या हाताला हुनर आहे. बॅनर, पत्रिका, स्टेजमागचा पडदा सगळं तिनंच करावं. पैशाचं काही जमणार नाही, पण हजार माणसं बघतील. तिचं नाव होईल.” आम्हाला अभिमान वाटला. मुलगी गप्प होती. हो म्हणालो ते आम्हीच.

तिनं आठ रात्री जागून काम केलं. पाच वेळा मजकूर बदलला, पाच वेळा तिनं पुन्हा मांडणी केली. कार्यक्रमाच्या दिवशी बॅनरवर खाली एका दुकानाची जाहिरात आली आणि जिथं तिचं नाव होतं तो पट्टा कापला गेला. मंडपवाल्याचे पैसे चुकते झाले, स्पीकरवाल्याचे झाले, भटाऱ्यालाही मिळाले. फुकट राबली ती एकटीच.

नाव झालं नाही असंही नाही. पुढच्या दोन महिन्यांत चार फोन आले. चौघांनी एकच विचारलं, “तिथं फुकट केलंस ना? मग आमचंही कर.” तेव्हा आम्ही फार चिडलो. जो भेटेल त्याला सांगत सुटलो की लोकांना कलेची किंमत नाही. पाव किलो जिलेबी घेऊन हलवायाला कुणी म्हणतं का, की पैसे नाहीत, पण चार लोकांना तुझं नाव सांगू?

असं बोलणारे आम्ही. आता पुढचं ऐका.

दोन वर्षांनी धाकट्याचा निकाह ठरला. खर्चाचा कागद घेऊन बसलो. मंडप, भटारी, कपडे, मोगऱ्याच्या लड्या, सगळं लिहून झालं. फोटो आणि व्हिडिओवर आलो तेव्हा कागद भरत आला होता. शेजारच्या खालाच्या मुलानं नुकताच हप्त्यावर कॅमेरा घेतला होता. त्याला बोलावलं आणि अगदी प्रेमानं म्हणालो, “बेटा, घरचंच काम आहे. तुझ्या भावाचं लग्न. एवढे पाहुणे येणार, तुझं काम बघतील. चार ऑर्डरी आमच्या नात्यातूनच मिळतील.”

तेच शब्द. फक्त या वेळी ते आमच्या तोंडून निघत होते, म्हणून ऐकू आले नाहीत.

पोरगा हो म्हणाला. लहानपणापासून आमच्या घरी शीरखुर्मा खाल्लेला, नाही कसं म्हणणार? हळदीपासून वलीम्यापर्यंत तो उभा होता. वलीम्याला सगळ्यांची जेवणं झाल्यावर कुणाला तरी त्याची आठवण आली. नंतर त्यानं सुरेख व्हिडिओ आणून दिला. आम्ही पाठीवर थाप मारली आणि मिठाईचा डबा हातात ठेवला.

पाच महिन्यांनी एका दुपारी खाला आल्या. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग मान खाली घालून म्हणाल्या, “तीन हजार मिळतील का उसने? कॅमेऱ्याचा हप्ता थकलाय. बँकेचा माणूस दोनदा येऊन गेला.” आमच्या लग्नाचा एक शब्दही त्यांनी काढला नाही. आम्ही पैसे दिले, आणि खरं सांगायचं तर मोठ्या मनानं दिल्यासारखं वाटलंही.

त्या गेल्यावर मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, “अब्बा, ज्याला तुम्ही उसने म्हणता ते त्याच्या मजुरीतले तीन हजार आहेत. बाकीचे अजून देणं आहे.”

त्या रात्री नीट जेवण गेलं नाही. मग तिनंच हिशोब मांडून दाखवला. दोन दिवस उभं राहून काम. नाशिकहून भाड्यानं आणलेली लेन्स आणि दिवे, त्याच्या खिशातून. अकरा रात्री बसून केलेली जुळवणी. आणि त्याच तारखेला येवल्याची एक पैसेवाली ऑर्डर आली होती, ती त्यानं आमच्यासाठी सोडली होती. संध्याकाळपर्यंत सुकलेल्या मोगऱ्याचे पैसे आम्ही रोख मोजले होते. जे काम आमची नातवंडं बघतील, त्याचे मात्र दिले नव्हते.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण ती ऐकताना डोळ्यांसमोर हमाल यायचा, गवंडी यायचा. खुर्चीवर बसून डोळे शिणवणाऱ्याचा घाम दिसत नाही, म्हणून तो घामच नाही असं आम्ही धरून चाललो होतो. पवित्र कुरआनात, सूरह कससमध्ये, हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांची हकीकत आहे. मदयनच्या पाणवठ्यावर त्यांनी दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजलं. मागितलं काहीच नाही, सावलीत जाऊन बसले. तरी त्या मुलींच्या वडिलांनी बोलावणं पाठवलं, पाणी पाजल्याची मजुरी द्यायला. आम्ही हे कितीदा वाचलं असेल. फुकट करणं ही करणाऱ्याची नेकी. ती नेकी आपला हक्क समजून मागून घेणं ही वेगळीच गोष्ट, हे तेव्हा उमगलं नव्हतं.

आमच्या गावाचा इतिहासही हेच सांगतो. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचं म्हणणं इथलंच. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेच्या पोर्टरची गोष्ट सांगितली. पोर्टरला स्टेशनातलं काम करून वर स्टेशनमास्तरच्या घरची कामंही करावी लागत. अस्पृश्य मानलेल्या माणसाला घरात घेता येत नाही, म्हणून मास्तर त्याला पोर्टरच्या जागेवर घेणं टाळत. म्हणजे वरचं घरकाम हीच नोकरीची चावी झाली होती, आणि ज्याला ते करू दिलं जात नव्हतं त्याच्यासाठी दार बंद.

आजची गोष्ट त्या अन्यायाएवढी मोठी नाही, हे आम्ही जाणतो. पण चावी तशीच आहे. नाव व्हावं म्हणून वर्षभर फुकट काम कोण करू शकतो? ज्याच्या घरी दुसरी कमाई आहे तो. ज्याच्या डोक्यावर कॅमेऱ्याचा हप्ता आहे तो चार महिन्यांत कॅमेरा विकतो आणि आपण म्हणतो, पोराला चिकाटी नव्हती.

राज्यघटनेच्या २३व्या कलमात बिगारीवर बंदी आहे. १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांसाठी राबणाऱ्या मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की किमान वेतनाहून कमी देऊन करून घेतलेलं काम हीही सक्तीची मजुरी, कारण पोटाची गरज हीदेखील सक्तीच आहे. लग्नाचे फोटो काढणं त्या कलमात बसत नाही. पण सक्ती दोरीनंच होते असं नाही, एवढं त्यातून आम्ही घेतलं. खालाच्या मुलावर आमच्या शीरखुर्म्याची सक्ती होती. आणखी एक गोष्ट कळली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर त्याचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. मोबदला दिलाच नाही, तर हक्क काढणाऱ्याकडेच राहतो. आमच्या भिंतीवरचा निकाहचा फोटोसुद्धा त्या अर्थानं आमचा नव्हता.

कुणी म्हणेल, मग काय सगळंच पैशानं मोजायचं? नाही. शेजारच्या मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या साथीदारांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, तेव्हा यंत्रमागावर काम करणारी माणसं हौसेनं एकत्र आली होती. सगळ्यांचं स्वप्न एक होतं आणि तंगीही सगळ्यांची होती. जनाज्याला, आजारपणाला, गरिबाच्या मुलीच्या लग्नाला आपण धावतोच, आणि धावलंच पाहिजे. पण जिथं मंडपवाल्यापासून सगळ्यांना पैसे मिळतात आणि एकालाच दुआ मिळतात, तिथं ती खिदमत नसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं खालांकडे गेलो. बाजारभाव विचारून रक्कम ठरवली होती. अर्धी पाकिटात, अर्धी पुढच्या पेन्शनला. आणि सांगितलं की ते तीन हजार उसने नव्हते. खाला म्हणाल्या, “घरच्यांकडून कसले पैसे?” मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “चाचा, पैसे उशिरा मिळाले असते तरी चाललं असतं. एकदा विचारायचं होतं, किती घेशील म्हणून. मी कमीच सांगितले असते.” नात्यातल्या ऑर्डरींचं विचारलं, तर दोन फोन आले होते. दोघांनी म्हटलं होतं, “त्यांच्याकडून काही घेतलं नाहीस म्हणे.”

आता घरात साधा रिवाज ठेवला आहे. कुणालाही काम सांगताना आधी दर विचारायचा. ऐपत नसेल तर काम कमी करायचं, मजुरी नाही. कुणी आपणहून सूट दिली तर शुक्रिया म्हणून घ्यायची, पण त्याच्या खिशातून झालेला खर्च तरी द्यायचाच. आणि दुसऱ्याला त्याचं नाव सांगताना, आपल्याला काय सूट मिळाली ते सांगायचं नाही.

गेल्या महिन्यात नातीचा अकीका झाला. फोटोला तोच मुलगा. दर त्यानं आधीच सांगितला आणि आमच्या तोंडून निघून गेलं, “पाचशे कमी कर ना बेटा, घरचंच—” वाक्य पूर्ण झालं नाही. आत मुलीनं भांडं आपटलं. मुलगा हसला, आम्हीही हसलो, आणि पैसे पूर्ण मोजले. तो दुपारी सगळ्यांबरोबर जेवायला बसला. कॅमेरा तोच होता. हप्ते फिटलेत, खाला सांगत होत्या.